गुरुवारची चार आवर्तनं

६ जानेवारी

मामा,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते. मत शेवटी.

१. तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. आत एक मेमरी कार्ड आणि तुझी चिठ्ठी: "गुरुवारच्या शिकवणीचं रेकॉर्डिंग. खरखर काढून दे."
२. कार्ड मी स्टुडिओत ऐकलं.
३. सुरुवातीला तू खुर्ची सरकवतोस आणि कुणाला तरी बसायला सांगतोस.
४. सॅक्सोफोनवर एक तुकडा वाजवतोस आणि थांबतोस.
५. काहीच वाजत नाही.
६. तू "वा!" म्हणतोस आणि पुढचा तुकडा वाजवतोस. पुन्हा थांबतोस. असं शेवटपर्यंत.
७. तुझ्या थांबण्याची लांबी दर वेळी वाजवण्याइतकीच आहे.
८. दोनदा तू हसतोस. एकदा म्हणतोस, "हे तर मी वाजवणार होतो."
९. रेकॉर्डिंगमध्ये तुझ्याशिवाय कोणी नाही.

मत: मायक्रोफोनचं तोंड तुझ्याकडे असणार. तरीही सॅक्सोफोन काही लाजाळू वाद्य नाही, समोरच्याचा आवाज थोडा तरी यायला हवा होता. मायक्रोफोन कुठे ठेवला होतास आणि शिकणारी व्यक्ती कुठे बसली होती, ते कळव. आणखी एक. तू तिच्याशी आपल्या भाषेत का बोलतोस? तिथे परदेशात ती कुणाला कळते?

आईने वरची खोली रंगवून घेतली आहे. मे महिन्यात तू कायमचा परत येतोस असं तिने सगळ्यांना सांगून टाकलं. तिला तारीख हवी आहे. मलाही.

तुझी भाची


१९ जानेवारी

चि. मोजपट्टीबाई,

अनेक आशीर्वाद. मोजून घे.

पत्र आहे की पंचनामा? नऊ कलमं! तुझ्या आईने भोंगा म्हणून आयुष्यभर मला चिडवलं, पण कलमं कधी लावली नव्हती.

तर तुझ्या चौकशीला उत्तर. संगीतशाळेची ही खोली तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यात. भिंतींना लोकरीचा जाड नमदा ठोकलाय, त्यामुळे टाळी वाजवली तरी ती हातातच मरते. खिडकीखाली खोली गरम ठेवणारा वाफेचा नळ आहे, तो अधूनमधून घसा खाकरतो. रेकॉर्डिंगचं यंत्र पियानोवर ठेवलं होतं, आम्हा दोघांच्या बरोब्बर मध्ये. ती माझ्या समोर बसते. तिचा आवाज आला नाही हे ऐकून मी मनसोक्त हसलो. अगं, तिचा आवाज नळालाही ऐकू जातो! यंत्र बहिरं आहे तुझं, दुसरं काय.

ती कोण म्हणशील तर प्रौढ बाई आहे, माझ्याच वयाची असेल. राखाडी कोट, तो काढत नाही. बोलत जवळजवळ नाहीच. शेवटचा वर्ग संपला की दार लोटून येते. मी आपल्या भाषेत बोलतो, हे तू लिहिल्यावर माझ्या लक्षात आलं. बोलतो खरा. तिला कळतं.

आम्ही फक्त चार-चार खेळतो. जॅझमधला हा नेहमीचा प्रकार. आपल्याकडच्या सवाल-जबाबासारखा समज. चार आवर्तनं मी वाजवायची आणि गप्प बसायचं. मग चार तिने. मी काय म्हणालो ते ऐकून तिने उत्तर द्यायचं, तिचं ऐकून मी. नुसती बोटं चालवून भागत नाही, कान लागतात. असं रंगत जातं, मग कुणीतरी मूळ धून धरतो, दोघं मिळून ती वाजवतात आणि खेळ संपतो. आमचं अजून धुनेपर्यंत आलेलं नाही. घाई कुणाला?

तुला खरं सांगू? इतकी वर्षं या देशात मी क्लबात वाजवतोय आणि शाळेत शिकवतोय. मुलं येतात, परीक्षेपुरते सूर उचलतात आणि जातात. माझ्याकडून कुणी काही घेतलंच नाही. ही घेते.

आमचा पियानोवाला एप्रिलमध्ये तिला क्लबात ऐकायला तयार आहे. त्याला हे रेकॉर्डिंग ऐकवायचंय, म्हणून स्वच्छ हवं. तेवढं झालं की मी मोकळा. मग मे. ताईला सांग, खोलीला रंग कुठला दिलाय ते आधी कळव, पिवळा असला तर मी येत नाही.

फोन करू नका. फोनवर तुम्ही दोघी पत्र्याच्या डब्यातून बोलता.

तुझा मामा


२ फेब्रुवारी

मामा,

रंग पांढरा आहे.

कार्ड स्वच्छ करून सोबत पाठवते आहे. यंत्र बहिरं नाही. तुझ्या आवाजात तोल आहे, नळ ऐकू येतो, रस्त्यावरची गाडीसुद्धा ऐकू येते. ती बाई कुठे बसते हा प्रश्न माझ्यापुरता उघडाच आहे, पण तू काम सांगितलंस आणि मी ते केलं.

कसं केलं ते थोडक्यात. प्रत्येक खोलीला स्वतःची शांतता असते. ती रिकामी नसते, तिच्यात बारीक आवाज असतात. जिथे कोणीच वाजवत नाही अशा जागेतून आम्ही त्या शांततेचा नमुना घेतो आणि संगणकाला सांगतो, हा कचरा, सगळीकडून वजा कर. एरवी असा रिकामा तुकडा शोधताना जीव जातो. तुझ्या रेकॉर्डिंगमध्ये ते आयतेच होते, तू थांबतोस ते. नमुना तिथून घेतला. आलेख नेहमीपेक्षा जरा वेगळा दिसला, सपाट नव्हता, पण त्याला नळ जबाबदार असावा. वजाबाकी केली. इतकं स्वच्छ काम माझ्या हातून वर्षभरात झालेलं नाही.

तू नीट जेवतोस ना? डॉक्टरकडे शेवटचा कधी गेला होतास? सहज विचारते आहे.

तुझी भाची

ता. क. खालच्या ओळी आईच्या. वाकड्या आहेत, समजून घे.

भोंग्या, हिच्या स्टुडिओत जाऊन तुझं ऐकलं, ही वजाबाकी करायच्या आधी. तुझ्याबरोबरची बाई बरी वाजवते रे. तुझ्यापेक्षा बरी. तिला म्हणावं, ह्याचं डोकं फिरवू नकोस, आधीच अर्धं फिरलेलं आहे. लवकर ये. ताई.

(आईने तुझं मागचं पत्र वाचलं असणार, म्हणून असं लिहिलं. तिला ऐकू येण्यासारखं रेकॉर्डिंगमध्ये काही नव्हतं.)


२० फेब्रुवारी

चि. मोजपट्टी,

कार्ड मिळालं. नेमकं गुरुवारीच. म्हटलं, दोघं मिळून ऐकू.

ती कोटाच्या खिशात हात घालून उभी राहिली. माझी चार आवर्तनं वाजली. छानच केलंयस तू, काच पुसल्यासारखं. मग तिची चार आली.

कसं लिहू? शांतता मला नवी नाही, शांततेवरच आमचं पोट चालतं. पण ही तशी नव्हती. भिंतीतला एक चौकोन कापून काढावा आणि पलीकडे खोलीच नसावी, तशी. वाफेचा नळही नाही, माझा श्वासही नाही. तिने खिशातून हात काढले आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. मग दार लोटून गेली. त्यानंतरच्या गुरुवारी मी एकटाच बसून होतो.

खाली रखवालदाराला विचारलं. चांगला माणूस आहे, किल्ल्यांचा जुडगा वाजवत फिरतो. म्हणाला, "तुमचं भांडण झालं का? गुरुवारी तुम्ही दोघं वाजवता तेव्हा मी जिन्यात बसून ऐकतो." मी विचारलं, ती कशी दिसते? तर तो म्हणाला, "दिसायला कधी दिसली? उतरताना तुम्ही एकटेच उतरता."

दुसरी गोष्ट. माझे खालचे सूर गेलेत. सॅक्सोफोनचे सगळ्यात जाड, पोटातून येणारे तीन सूर. बोटं बरोबर, फुंकर बरोबर, तोंडाशी बसवतात ती पात नवी लावून पाहिली, तरी नुसती हवा येते. दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने माझ्यासमोर वाद्य तोंडाला लावलं आणि तिन्ही सूर खणखणीत काढून दाखवले. मग माझ्याकडे असा पाहत राहिला की मी पैसे देऊन पळालो. शनिवारी क्लबात पियानोवाल्याने ते सूर स्वतःच वाजवले आणि मला सांभाळून घेतलं. किती दिवस सांभाळेल?

मोजपट्टीबाई, तू मोजमापाची. एवढंच सांग. कचरा म्हणून जे काढलंस ते टाकलंस कुठे?

मामा


६ मार्च

मामा,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: टाकलं नाही. वजा केलेलं सगळं एका वेगळ्या फायलीत राहतं. आम्ही त्याला गाळ म्हणतो. तो कोणी ऐकत नाही. मी ऐकला. नोंदी खाली देते.

गाळात सॅक्सोफोन आहे. तू थांबतोस तिथे तो वाजतो. तुझा नाही. फुंकर वेगळी आहे आणि श्वास तुझ्यापेक्षा उशिरा घेतला जातो. तुझी चार आवर्तनं येतात तिथेही गाळात काहीतरी आहे: तुझे खालचे सूर, फक्त तेवढेच. त्यांचा आवाज तिच्या आवाजाशी इतका जुळत होता की संगणकाला ते तिचेच वाटले. म्हणून तिच्याबरोबर तेही निघून आले. चूक संगणकाची नाही. मी नमुना घेतला ती जागा रिकामी आहे असं गृहीत धरलं. रिकामी नव्हती.

आईला विचारलं. तिने तुझं पत्र वाचलंच नव्हतं. चष्मा दुरुस्तीला दिला होता, म्हणून तर ओळी वाकड्या. तिने ती बाई खरोखर ऐकली होती. मी तिच्या शेजारीच बसले होते आणि मला काही ऐकू आलं नव्हतं. आई म्हणाली, "तू ऐकत नव्हतीस, तू बघत होतीस. पडद्यावर डोळे लावून कुणी गाणं ऐकतं का?"

आता पुढचं. हे मी दोनदा तपासलं आहे.

गाळ रेकॉर्डिंगइतकाच लांब असायला हवा. नाही. रेकॉर्डिंग संपतं तिथे तू म्हणतोस, "पुढच्या गुरुवारी." गाळ त्यानंतरही चालू राहतो. ती चार आवर्तनं वाजवते आणि चार थांबते. पुन्हा चार वाजवते, चार थांबते. वाट पाहत असल्यासारखी. दुसऱ्या दिवशी फाईल उघडली तेव्हा ती आदल्या दिवसापेक्षा मोठी होती.

मी दिवा लावला. दिवसच होता, तरी लावला.

त्यानंतर माझ्याकडून एक गोष्ट झाली. ती थांबली असताना मी पेन्सिलीने टेबलावर ताल धरला. मुद्दाम नाही. थांबलेल्या जागेची लांबी मोजायची मला सवय आहे, हात आपोआप चालतो. शेवटी एक ठोका चुकला. तिच्या पुढच्या चार आवर्तनांत माझा ताल होता, चुकलेल्या ठोक्यासकट.

रेकॉर्डिंग ऐकणाऱ्याला उत्तर देत नाही. मी हे काम शिकून करते, म्हणून खात्रीने लिहिते आहे.

फाईल बंद केली आहे. पुढे काय करायचं ते कळव. आणि तू मला काय सांगितलेलं नाहीस, तेही कळव.

तुझी भाची


२२ मार्च

पोरी,

पेन्सिल धरू नकोस. आधी ते. पत्राचा बाकीचा भाग नंतर वाच.

ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? खालचा पहिला सूर डिसेंबरातच गेला होता, तू हात लावायच्याही आधी. त्या गुरुवारी तिने तो इतका सुंदर वाजवला की मी डोळे मिटले, आणि माझी पाळी आली तेव्हा तो माझ्याकडे नव्हता. पुढच्या गुरुवारी दुसरा. तेव्हा ते कधीमधी परत यायचे, म्हणून तुझ्या कार्डावर आले. ती चार वाजवते, आणि समोरच्याचं एक काहीतरी तिच्यासोबत जातं. तुझी वजाबाकी म्हणजे आधीच उसवलेल्या शिवणीचा धागा ओढणं. स्वतःला बोल लावू नकोस.

कार्ड तुला पाठवलं ते पियानोवाल्यासाठी नव्हतंच. मला पाहायचं होतं, सूर खरंच जातायत की मलाच ऐकू येईनासे झालेत. हसत हसत पाठवलं, कारण तू घाबरली असतीस. आणि ताई सामान न घेता इथे येऊन मला कान धरून घेऊन गेली असती.

आता ऐक, आणि कलमं लावू नकोस. मला तिची भीती वाटत नाही. क्लबवाल्याने माझं नाव बाहेरच्या पाटीवरून काढलं. शाळेत मुलांना मी तोंडाने सूर म्हणून दाखवतो, ती माना डोलावतात. पण गुरुवारी त्या खोलीत बसलो की वाटतं, या इतक्या वर्षांत एकच माणूस असं भेटलं ज्याला मी शिकवलेलं लागलं. अंगी लागलं. माझ्याजवळ वरचे सूर अजून शिल्लक आहेत. ते ठेवून मी काय लोणचं घालू?

गाळ मला पाठवून दे. तुझ्याकडची फाईल पुसून टाक. माझा सूर तिच्याकडे असला तर निदान वाजेल तरी. माझ्याकडे राहून कुठे वाजतोय?

मे महिन्याचं आत्ता विचारू नका. ताईला सांग, खोली पांढरी आहे हे ऐकून बरं वाटलं.

मामा


४ एप्रिल

मामा,

तुझं पत्र मिळालं. गाळ पाठवलेला नाही. पुसलेलाही नाही. कारणं खाली देते. तुला कलमं नकोत म्हणून आकडे घालत नाही.

पाठवला तर तू एकेक सूर देत बसशील आणि घरी येणार नाहीस. तू तसं लिहिलं नाहीस, पण "आत्ता विचारू नका" याचा अर्थ मला कळतो. पुसला तर तुझे खालचे सूर त्यातच आहेत, तेही जातील. हे दोन्ही मला मान्य नाही.

माझ्याकडची स्थिती. पेन्सिल धरू नकोस हे तुझं पत्र पोचायला उशीर झाला. फाईल मी पुन्हा उघडली नव्हती. पण गेल्या सोमवारी टेबलावर पेन्सिल आपटली तेव्हा आवाज आला नाही. दुसरी पेन्सिल घेतली, मग पट्टी, मग बोटाचं पेर. माझ्या हाताने टेबल वाजत नाही. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने वाजवून दाखवलं, त्याच्या हाताने वाजतं. त्याच आठवड्यात आई स्वयंपाकघरातून ओरडली, "तोंडातल्या तोंडात काय पुटपुटतेस? मोठ्याने बोल की!" मी मोठ्यानेच बोलत होते. दुसऱ्या दिवशी स्टुडिओत स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून आलेख पाहिला. खालचा पट्टा कोरा आहे. वरचा अजून आहे. तो रोज थोडा कमी दिसतो.

हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. तुला वाटतं की हा व्यवहार तुझ्या आणि तिच्यापुरता आहे. तसा तो राहिलेला नाही, एवढंच कळवते.

आता तूच जानेवारीत लिहिलेलं एक वाक्य. कुणीतरी मूळ धून धरतो, दोघं मिळून ती वाजवतात आणि खेळ संपतो. तुम्ही धुनेपर्यंत कधी आलाच नाहीत. "घाई कुणाला" असं लिहिलं होतंस. तिने सूर नेले ते खेळ चालू होता म्हणून. तो तुला संपवायचाच नव्हता. मला तर वाटतं, तीही त्यासाठीच थांबलेली आहे. ती दर वेळी चार आवर्तनं थांबते, आणि कोणी धून धरत नाही.

धून कोणती, हे मला शोधावं लागलं नाही. भांडी विसळताना आई काहीतरी गुणगुणत होती. विचारलं. म्हणाली, "हे होय? भोंग्या लहान होता तेव्हा त्याच्या हातात वाद्य दिलं, तर नुसता भों-भों करायचा. मीच गुणगुणून दाखवलं, हे बसव म्हटलं. त्याने बसवलेलं हे पहिलं. त्या बाईच्या वाजवण्यात मागून हेच तर येत होतं." म्हणजे डिसेंबरपासून तू तुझ्या ताईच्या धुनेवर चार-चार खेळतो आहेस. तुला माहीत होतं का ते तूच जाण.

तू इथे ये. वाद्य घेऊन ये, खालचे सूर नसले तरी चालेल. स्टुडिओत तुझी खुर्ची ठेवते, मायक्रोफोन दोघांच्या बरोब्बर मध्ये. मी फाईल उघडेन. ती चार वाजवेल. ती थांबली की तू धून धर. पुढचं दोघांनी मिळून वाजवा. तुझे सूर परत येतील असं मी म्हणत नाही, त्याला माझ्याकडे पुरावा नाही. खेळ संपेल एवढंच म्हणते. तिने तुझ्याकडून घेतलं, ते पुरतं घेऊन तिला जाऊ दे.

एक अडचण आहे. मी आईला फाईलबद्दल काही सांगणार नव्हते, पण माझा आवाज गेल्यावर सांगावं लागलं. ती म्हणते, धून माझी आहे, भोंग्याची वाट कशाला बघायची? मी बसते आणि मीच धरते. तिला तीन वेळा नाही म्हटलं. ती माझं आधीही ऐकत नव्हती, आता तर मी बोलते आहे हेच तिला अर्ध्या वेळा कळत नाही. स्टुडिओची एक किल्ली घरात असते. मी ती कुठे ठेवते ते तिला ठाऊक आहे.

स्टुडिओतली जुनी कामं दर चार महिन्यांनी आपोआप पुसली जातात, आता ३० एप्रिलला. या फाईलची प्रत करायचा प्रयत्न केला. प्रतीत फक्त वाफेचा नळ येतो.

तेव्हा तू येतोस की नाही ते कळव. येत असलास तर तारीख लिही. फोन करू नकोस, मी उचलला तरी तुला काही ऐकू येणार नाही. पत्रच पाठव.

उत्तर २५ एप्रिलपर्यंत माझ्या हातात पडेल असं टाक.

तुझी भाची